रेकॉर्डिंगमध्ये पुन्हापुन्हा येणारी ‘घूं’: खोलीत, मिक्सरवर आणि मागाच्या कारखान्यात ती कशी शोधायची

सोलापुरात नॉइज, म्हणजे गोंगाटाचंच संगीत, रेकॉर्ड करणारे आम्ही मोजकेच. यंत्रमाग, पत्र्याचे डबे, बंद पडत चाललेले टेपडेक, स्वतःलाच जोडलेला आवाजाचा मिक्सर ही आमची वाद्यं. फाइल्स पेनड्राइव्हवर, कॅसेटवर किंवा थेट फोनवरून एकमेकांकडे फिरतात. माझ्याकडे ‘जरा ऐकून सांग’ म्हणून येणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये एक दोष इतक्यांदा ऐकलाय आणि इतक्यांदा काढलाय, की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. हा दोष म्हणजे तळाशी बसलेली विजेची घूं.

पहिला प्रश्न दरवेळी हाच येतो: नॉइजच करतोय ना आपण, मग घूं राहिली तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशोक चौकात केलेलं रेकॉर्डिंग असो की जुळे सोलापुरातलं, न बोलावता येणारी घूं एकाच सुराची असते. तंबोरा न मागता सगळ्यांच्या हातात तोच एक तंबोरा येतो. शिवाय मागाचा खरा दणका, लाकडी हाताचा धोट्यावर बसणारा फटका आणि फणी कापडावर आपटते तेव्हा जमिनीतून येणारा धप्प, यांचं वजन नेमकं त्याच खालच्या पट्टीत असतं. घूं त्याच्यावर बसली की माग पत्र्यासारखा पातळ ऐकू येतो. घूं हवी असेल तर ती मुद्दाम घ्या, मीही घेतो. पण ती आपण निवडलेली असावी.

आधी लक्षणं ओळखा

जाड, स्थिर ‘घूं’. घरात पेटी असेल तर पांढरी पाच दाबून बघा. पांढरी पाच खाली-खाली उतरवत नेली तर ४९ हर्ट्झला बसते आणि वीज ५० ला, म्हणजे घूं तिच्याहून थोडी चढी लागेल. कधीकधी ५० पेक्षा १०० हर्ट्झ जास्त ऐकू येतो. तो तोच सूर, एक सप्तक वर. पेटीशी असा जुळला तर दोष विजेचा, पुढे शंका नको.

भुंग्यासारखी ‘झूंऽऽ’, वरचे सूरही मिसळलेली, टोकदार. बहुतेक वेळा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवा, चार्जर किंवा दोन ठिकाणच्या अर्थिंगचं भांडण.

बारीक शिट्टी, साधारण १००० किंवा ८००० हर्ट्झच्या आसपास, माउस हलवला किंवा स्क्रीनवर काही सरकलं की बदलणारी. ही लॅपटॉपच्या यूएसबीतून येते.

‘टर्र-टर्र-टर्र’, थांबून थांबून. शेजारी ठेवलेला फोन. जुन्या टू-जी नेटवर्कवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा सिग्नलचे ठोके टाकतो, तेच वायरीत उतरतात.

वायरीला किंवा जॅकला हात लावला की कमी होणारी घूं. वायरीवरची जाळी, म्हणजे आतल्या तारेभोवती विणलेलं धातूचं आवरण, कुठेतरी तुटलीय.

फक्त संध्याकाळी, फक्त उन्हाळ्यात किंवा फक्त माग चालू असतानाच येणारी घूं. ही शेवटच्या तपासण्यांकडे नेते, पण तरीही सुरुवात पहिल्यापासूनच करा. वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

फाइल फोनवर घ्या आणि इअरफोन लावून ऐका. एवढंच. घूं ऐकू आली नाही तर ती रेकॉर्डिंगमध्ये नाहीच, तुमच्या स्पीकरमध्ये आहे. एका मित्राने दोन आठवडे माइकच्या वायरी बदलल्या आणि शेवटी दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडणीत निघाला. स्पीकरची घूं त्रासदायक असते, पण लोकांपर्यंत जात नाही. तिचा शोध वेगळा घ्यायचा.

आता इंटरफेसचा, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा, गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) शून्यावर आणा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करा. घूं गेली तर ती माइक, वायर किंवा वाद्याच्या बाजूने आत शिरतेय. गेन शून्य असूनही राहिली तर ती गेनच्या पुढे, म्हणजे यूएसबी, लॅपटॉप किंवा वीजपुरवठ्यातून येतेय. या एका तपासणीने अर्धं घर शोधायचं वाचतं, म्हणून ती टाळू नका.

तिसरी गोष्ट: घूं हवेतून येतेय का? एप्रिल-मे मध्ये सोलापुरात कूलर बंद करणं जिवावर येतं, मान्य. पण कूलरचा पंप, फ्रिज, पंखा हे सगळे त्याच ५० हर्ट्झच्या कुटुंबातले. सगळं बंद करा, खोलीत उभे राहा, कान द्या. मी मोठी रेकॉर्डिंगं पहाटे साडेचार-पाचला करतो, अंगाची लाही होत नाही आणि शेजारची पाण्याची मोटरही बंद असते.

आता सगळ्यात महत्त्वाची. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच संपल्या. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती जायला जागा शोधते, आणि तिला सापडणारी सोपी जागा म्हणजे तुमच्या ऑडिओ वायरीची जाळी. धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते यामुळेच. बॅटरीवर घूं गेली तर आजचं रेकॉर्डिंग बॅटरीवर उरकून घ्या. पण मुंग्या विसरू नका, त्या भिंतीतल्या अर्थिंगबद्दल सांगताहेत. त्याकडे शेवटी येतो.

सगळं एकाच बोर्डावर

बॅटरीने थोडा फरक पडला, पूर्ण नाही, तर पुढे बघा. मिक्सर या भिंतीच्या प्लगवर, स्पीकर त्या भिंतीच्या प्लगवर, लॅपटॉप तिसरीकडे, अशी मांडणी असेल तर सगळं काढा आणि चांगल्या तीन-पिनच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच ओळखाल. दोन प्लगांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो, काही मिलिव्होल्ट किंवा थोडे व्होल्ट. दोन हौदांची पातळी वेगळी असावी आणि मध्ये नळी जोडावी, तसं होतं. ती नळी म्हणजे तुमची ऑडिओ वायर. पातळीतल्या फरकाने तिच्या जाळीतून वीज वाहू लागते, आणि साध्या दोन-तारांच्या वायरीत ती जाळी आवाजाचीही परतीची वाट असल्यामुळे घूं थेट आवाजात मिसळते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आली की सगळ्यांची पातळी जवळजवळ एक होते आणि वाहायला कारणच उरत नाही.

आपली उपकरणं विजेला जड नसतात, एक बोर्ड पुरतो. मात्र त्याच बोर्डावर इस्त्री किंवा कूलर लावू नका.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थची, काढून टाकल्यावर घूं जाते असं कोणीतरी सांगेल. जाते, खरंय. पण त्या पिनेबरोबर तुमचं संरक्षणही जातं. उपकरणाच्या आत फेजची तार कधी पत्र्याला टेकली तर ती वीज जमिनीत जायच्याऐवजी तुमच्या अंगातून जाईल, आणि आम्ही तर वायरी आणि धातूचे पत्रे दोन्ही हातात धरून वाजवणारे लोक. दोन-पिनचा अडॅप्टर मध्ये घालणं हेही तेच. कितीही सुंदर रेकॉर्डिंग असो, हे करू नका.

आजूबाजूचं सामान

फोन विमान मोडवर टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण बंद किंवा पूर्ण फुल करून फरक ऐका. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो, म्हणून भुंगा येतो. पायऱ्या-पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर तसा कापत नाही. एलईडी दिवे एकेक करून बंद करा. घाई नको, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी पाच सेकंद रेकॉर्ड करा. नाहीतर नेमकं कशाने गेलं ते कळतच नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच शोध सुरू.

विजेच्या वायरी आणि आवाजाच्या वायरी एकमेकींना चिकटून, समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. जड चौकोनी अडॅप्टर, ज्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो मिक्सरपासून हातभर लांब ठेवा. त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं. हातभर अंतराने जो फरक पडतो तो दोन हजारांच्या वायरीनेही पडत नाही.

वायर

एक वायर उसनी आणा आणि बदलून बघा. गेली घूं, तर जुनी वायर उघडा. जॅकजवळ, जिथे वायर वळते, तिथे जाळीचे धागे तुटलेले दिसतील. चार इंच कापून पुन्हा सोल्डर केलं की वायर नवी. नवी पेठेत जॅक सुटे मिळतात, वायर टाकून द्यायची गरज नाही.

मिक्सर आणि इंटरफेस दोन्हींना बॅलन्स्ड जोडणी असेल तर तीन कप्प्यांचा जॅक वापरा. त्यात आवाज दोन तारांवर उलट-सुलट जातो आणि पलीकडे वजाबाकी होते. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच चिकटलेली घूं त्या वजाबाकीत निघून जाते. मात्र दोन्ही टोकं बॅलन्स्ड नसतील तर या जॅकने काही साधत नाही.

कॉन्टॅक्ट माइक: इथे थोडं थांबू

आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने पितळी पिझो चकतीचा, वस्तूला टेकवून तिचं कंपन पकडणारा, माइक घरी केलेला असतो. दहा-वीस रुपयांची चकती, दोन तारा, एक जॅक. आणि घूं. त्यात तीन चुका मी परत परत पाहतो.

पहिली म्हणजे वायर. टेलिफोनसारख्या उघड्या दोन तारा लावल्या तर तो माइक कमी आणि अँटेना जास्त होतो. जाळीची वायर घ्या, जाळी पितळेच्या बाजूला आणि मधली तार पांढऱ्या गोलाला. त्यावर चिकटपट्टीचा थर, मग तांब्याची पट्टी किंवा फॉइल गुंडाळून ती जाळीला जोडा. चकतीभोवती असा पिंजरा झाला की घूं लगेच बसते. फॉइल पांढऱ्या गोलाला टेकणार नाही एवढं बघा, टेकलं तर आवाजच बंद.

दुसरी चूक म्हणजे थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालणं. पिझोचा प्रतिबाध (इम्पीडन्स) फार मोठा असतो, त्याला साधारण दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा इनपुट लागतो. माइकच्या भोकाला हजार-दोन हजार ओहम असतात. मग खालचे सूर गळून पडतात, आवाज चिरका येतो, आपण गेन वाढवतो आणि गेनबरोबर घूं वाढते. इंटरफेसवर गिटारसाठी वेगळा इनपुट असेल तर तो वापरा. नसेल तर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एका एफईटीचा (हा ट्रान्झिस्टरचाच प्रकार) बफर, म्हणजे चकती आणि इनपुट यांच्यामधलं छोटं सर्किट, करा आणि तो चकतीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका जवळ ठेवा. सोल्डरिंग येणाऱ्याची एक संध्याकाळ जाते. बॅटरीवरच चालवा, अडॅप्टर लावून त्यातून पुन्हा घूं आत घेऊ नका.

तिसरी चूक मला सगळ्यात उशिरा समजली. पूर्व भागात एका मित्राच्या काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. मागाच्या बिडाच्या चौकटीवर मी चकती नुसती क्लिपने दाबून लावली. खोलीत अगदी स्वच्छ असलेला माइक तिथे राक्षसासारखा घुमायला लागला. वायर बदलली, बफर बदलला, काही नाही. मग लक्षात आलं: पितळ म्हणजे माझ्या माइकची जाळी, आणि ती थेट मागाच्या लोखंडाला टेकली होती. मागाचं लोखंड मोटरशी जोडलेलं, माझा रेकॉर्डर अडॅप्टरवरून दुसऱ्या प्लगला. दोन हौदांमधली नळी मीच जोडली होती. चकतीखाली चिकटपट्टीचा एक थर दिला, रेकॉर्डर बॅटरीवर घेतला, आणि घूं गेली.

पण पट्टी लावताना बोटांना झिणझिण्या आल्या. काकांना सांगितलं तर म्हणाले, “अरे, पावसाळ्यात थोडं लागतंच की. फळीवर उभा राहा, काही होत नाही.” मी त्या दिवशी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. त्याबद्दल पुढे.

स्वतःलाच जोडलेला मिक्सर

मिक्सरचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडायचा आणि बाहेरून काहीही न घालता वाजवायचा. जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा यांनी हे वाद्य म्हणून वर्षानुवर्षं वाजवलंय आणि आमच्यातल्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच झाली. इथे घूं वेगळ्या तऱ्हेने त्रास देते. आत शिरलेला थेंबभर सूरही फेरी मारून मोठा होतो, प्रत्येक फेरीत पुन्हा मोठा. मग मिक्सर तुमच्या हाताखालचा सूर सोडून विजेच्या सुराभोवती घुटमळतो. ‘माझा मिक्सर नेहमी एकाच जागी अडकतो’ अशी तक्रार असेल तर आधी पेटीवर तपासा. पांढरी पाच आली तर अडॅप्टर लांब करा, लॅपटॉप बॅटरीवर घ्या, आणि परतीची वायर जितकी आखूड करता येईल तितकी करा. लो-कट बटण दाबून बघा. ते साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या खाली कापतं, पण मिक्सरचा तळही त्याबरोबर जातो, म्हणून मी ते फक्त निदानासाठी वापरतो.

पैसे घालायचेच असतील तर

इथपर्यंत येऊनही घूं राहिली आणि ती दोन उपकरणं जोडली की येते, एकेकटी असताना येत नाही, तर मध्ये १:१ चा सिग्नल ट्रान्सफॉर्मर घाला. गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर हाच असतो, काही शे रुपयांत. त्यात आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेचा तारेशी संबंध राहत नाही, म्हणून लूप तुटतो. आणि तो तोडताना तुमची अर्थची पिन जागेवरच राहते, हा मोठा फायदा. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये अगदी खालचे सूर थोडे दबतात. टेपडेकसाठी चालतं, मागासाठी मला आवडत नाही. त्यासाठी चांगला डीआय बॉक्स (आत चांगला ट्रान्सफॉर्मर असलेली जोडणीची पेटी) घ्या, किंवा सरळ बॅटरीवरचा रेकॉर्डर.

यूएसबीची शिट्टी असेल तर आधी दुसरं पोर्ट, मग लहान केबल. यूएसबी आयसोलेटर विकत घेण्याआधी त्याचा वेग वाचा. बरेच स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, आणि आजचे बरेच इंटरफेस ४८० मेगाबिटच्या यूएसबी २.० वर चालतात. घरी आणून लावल्यावर लॅपटॉप इंटरफेसला ओळखतच नाही, मग पैसे गेले.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

पुढच्या गोष्टी दिसल्या की हातातलं सगळं खाली ठेवा. कुठल्याही पत्र्याला, मागाला, मिक्सरला, माइकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या. टेस्टर धातूच्या बॉडीवर पेटतो. दिवे अचानक मंद आणि अचानक भगभगीत होतात. प्लग गरम लागतो किंवा जळका वास येतो. ही ऑडिओची तक्रार नाही, घराच्या वायरिंगची आहे, आणि परवानाधारक वायरमनशिवाय कोणी तिला हात लावू नये. लाइट जाऊन आल्यावरच घूं वाढते असं असेल तरीही त्यालाच दाखवा.

तो आला की त्याला काय मोजायला सांगायचं ते माहीत असावं. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट चालतात, ते पाचाच्या पुढे गेले तर कारण शोधायला सांगा. अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रतिरोधही मोजून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर तो बसवून घ्या, वायरी अंगाखांद्यावर घेऊन वाजवणाऱ्याने तर नक्कीच.

आपल्याकडच्या जमिनीचा स्वभावही इथे येतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अर्थिंगची पट्टी किंवा पाइप मातीशी घट्ट टेकून ओलाव्यातून वीज जमिनीत सोडतो. माती सुकली, पाइपभोवती फट पडली, की तो रस्ता अरुंद होतो. माझ्या खोलीत जानेवारीत न ऐकू येणारी घूं एप्रिलअखेरीस यायची ती याचमुळे. वायरमनकडून खड्डा कुठे आहे ते विचारून घेतलं, आणि आता उन्हाळ्यात त्याच्या नरसाळ्यातून नियमित पाणी घालतो. खड्ड्यातला कोळसा आणि मीठ मात्र त्यालाच बदलू द्या. अर्थची तार नळाच्या पाइपला बांधणं किंवा बोर्डात न्यूट्रल-अर्थ एकत्र करणं असले उपाय कोणी सुचवले तर त्या माणसाला परत बोलावू नका.

उपकरणांच्या बाबतीत माझी सीमारेषा अशी: बॅटरीवर चालणारं उघडतो, प्लगवर चालणारं उघडत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, जुना डेक, पॉवर सप्लाय यांच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. सुकलेल्या कपॅसिटरमुळे येणारी १०० हर्ट्झची घूं दुरुस्त होते, पण ते काम रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाचं.

काकांच्या कारखान्यात वायरमन आला तेव्हा मागाच्या मोटरची अर्थची तार पेटीच्या आतच गंजून तुटलेली निघाली. मग त्यांनी सगळ्याच मागांच्या तारा तपासून घेतल्या. मी पुन्हा गेलो तेव्हा लाकडी फळी बाजूला उभी करून ठेवली होती.

आधीच झालेलं रेकॉर्डिंग असेल तर

बंद पडलेल्या मागाचं, किंवा पुन्हा न मिळणाऱ्या माणसाच्या हाताचं रेकॉर्डिंग असेल तरच सॉफ्टवेअरने घूं काढा. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा. ५०, १००, १५०, २०० हर्ट्झवर अगदी अरुंद खाचा पाडा आणि तिथेच थांबा. ‘नॉइज रिडक्शन’ वापरायचा मोह आवरा. घूंचा नमुना देऊन तो सगळ्या पट्टीतून वजा करतो, आणि आमच्या संगीतात तर सगळी पट्टी भरलेली असते. मग आवाज हौदाच्या तळाशी बुडाल्यासारखा, बुडबुड करणारा होतो. त्यापेक्षा घूं परवडली.

लोकांकडे पाठवताना

घूं परत डोकं वर काढते ती इथे. फाइलचा आवाज मोठा करण्यासाठी ती नॉर्मलाइझ किंवा कॉम्प्रेस केली की गोंगाटाखाली झाकलेली शांत जागा वर येते आणि तिच्याबरोबर घूंही. म्हणून सगळी प्रक्रिया झाल्यावर फाइलची पहिली आणि शेवटची दहा सेकंदं मोठ्या आवाजात ऐका. सर्वोच्च पातळी शून्यावर नेऊ नका, एक डेसिबल खाली ठेवा. एमपीथ्रीत बदलताना शिखरं थोडी वर उसळतात आणि तुम्ही न केलेली फाट तिथे तयार होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून गेलेली फाइल दाबली जाण्याची शक्यता असते, आणि दाबणाऱ्या प्रणाली बोलण्या-गाण्यासाठी घडवलेल्या असतात, मागाच्या खडखडाटासाठी नाहीत. फ्लॅक फाइल जागा जास्त घेते, पण जशी होती तशी पोचते.

कॅसेटवर काढणाऱ्यांसाठी आणखी एक. मर्झबाव या नावाने १९७९ पासून काम करणाऱ्या जपानी नॉइज कलाकार मासामी अकितांच्या सुरुवातीच्या कॅसेटा टपालाने जगभर फिरल्या, आणि हाताने काढलेली कॅसेट आजही आमच्याकडे सगळ्यात मानाची देवघेव आहे. पण दोन डेक जोडले की लूपची शक्यता आली. दोन्ही एकाच बोर्डावर लावा. डेक एकावर एक रचू नका, खालच्या डेकचा ट्रान्सफॉर्मर वरच्याच्या हेडखाली येतो. शेजारी ठेवा, आणि हेडफोनमध्ये ऐकत डेक थोडा इकडे-तिकडे फिरवा. एखाद्या कोनात घूं जवळजवळ नाहीशी होते. तो कोन खडूने टेबलावर आखून ठेवा. प्रती नेहमी मूळ फाइलवरून काढा, कॅसेटवरून कॅसेट नको, कारण प्रत्येक प्रतीत डेक आपली घूं पुन्हा घालतो. सी-६० च्या एका बाजूला तीस मिनिटं बसतात. मी अठ्ठावीसच भरतो आणि शेवटची दोन मिनिटं कोरी सोडतो. घूं राहिलीच असेल तर ती त्या दोन मिनिटांत ऐकू येते, आणि मग ती प्रत मी कोणाला देत नाही.